आता आणखी काय सोडू?

प्रश्न : मी ३८ वर्षांची, कोल्हापुरात बँकेत नोकरी करते. चार वर्षं पळतेय. जानेवारीत हाफ मॅरेथॉन २ तास १२ मिनिटांत केली, तेव्हा वजन ५८ किलो होतं. वजन उतरलं की वेळ सुधारेल म्हणून मार्चपासून भात, पोळी, भाकरी बंद केली. मग साखर-गूळ, मग केळं, आंबा, चिकू. मे महिन्यात दूध-दही सोडलं, कारण पळताना पोटात गॅस व्हायचा. मीठही निम्म्यावर आणलंय. अंडी खाते, मांस-मासे घरात पहिल्यापासून नाहीत. सकाळी काळी कॉफी घेऊन पळते, आल्यावर दोन अंडी आणि दहा बदाम. दुपारी दोन वाट्या डाळ, भाजी, कोशिंबीर. संध्याकाळी मूठभर शेंगदाणे. रात्री दोन वाट्या उसळ, भाजी, पपई. आठवड्याला ४५ किलोमीटर होतात, त्यातले १६ रविवारी. पहिला महिना मस्त गेला, वजन ५४ वर आलं. आता मात्र १० किलोमीटरला ५८ मिनिटं लागायची तिथे ६६ लागतात. बाराव्या-तेराव्या किलोमीटरला पाय शिशासारखे होतात. रात्री तीनला जाग येते, केस गळतात, दोन महिने पाळी आलेली नाही. ग्रुपमध्ये सांगतात, ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं प्रथिन, पूर्ण बंद कर, हिंगातसुद्धा गव्हाचं पीठ असतं. सप्टेंबरमधल्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनला नऊ आठवडे उरलेत. श्रावणी सोमवारही धरते. आता आणखी काय सोडू?

उत्तर :

ताई, सोडण्यासारखं आता काही राहिलेलं नाही. जे सोडलंत त्यातलं बहुतेक परत ताटात आणायचं आहे, आणि ते कोणत्या क्रमाने ते पुढे सांगतो. पण आधी पाळीचं. तुम्ही ते पत्राच्या शेवटाकडे एका वाक्यात उरकलंय. आमच्या दृष्टीने पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे.

या आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. आधी घरी गर्भचाचणी करा, म्हणजे तो प्रश्न मिटेल. डॉक्टरांना तीन गोष्टी न लपवता सांगा: चार महिन्यांत चार किलो वजन उतरलं, आठवड्याला ४५ किलोमीटर पळते, आणि अमुक अमुक खाणं बंद आहे. हे सांगितलं नाही तर नुसत्या ‘हार्मोन्स’च्या गोळ्या मिळतील. पाळी त्याने येईलही, पण मूळ कारण तसंच राहील. रक्ताच्या तपासण्यांत हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याची मोजणी), बी-१२, ‘ड’ जीवनसत्त्व आणि थायरॉइडची टीएसएच एवढं तरी असू द्या. फेरिटिनसाठी रक्त लाँग रनच्या, म्हणजे आठवड्यातल्या सगळ्यात लांब पळण्याच्या, दुसऱ्या दिवशी देऊ नका. जोरदार व्यायामानंतर किंवा तापात हा आकडा फुगतो आणि कमतरता झाकली जाते. एक दिवस पूर्ण विश्रांती, मग सकाळी रक्त.

आता तुमच्या ताटाचा हिशोब. तुम्ही लिहिलेल्या जेवणातून दिवसाला साधारण १३०० कॅलरी मिळतात. पळण्याचा खर्च ढोबळमानाने दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे एक कॅलरी. ५४ किलो वजन आणि सरासरी रोजचे साडेसहा किलोमीटर म्हणजे ३५० कॅलरी. उरल्या ९५०. तुमच्या शरीरातली चरबी वगळून जे वजन राहतं ते ४१ किलोच्या आसपास असावं. ९५० भागिले ४१, म्हणजे किलोमागे २३ कॅलरी. हृदय, मेंदू, हाडांची डागडुजी, केस, पाळी, झोप, हे सगळं तेवढ्यात भागवायचं. निरोगी स्त्रीला त्यासाठी साधारण ४५ लागतात. ३० च्या खाली बराच काळ राहिलं की शरीर काटकसर सुरू करतं, आणि जे बंद करूनही जीव राहतो ते आधी बंद करतं: पाळी, केस, हाडांची भर. रविवारी १६ किलोमीटर पळता त्या दिवशी तर हा आकडा ११ वर येतो. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला ‘रेड-एस’ असं नाव दिलं. खेळाच्या मानाने खाणं कमी पडल्यामुळे सगळ्या शरीराला सोसावी लागणारी ही उपासमार आहे. वजनकाटा ती दाखवत नाही. पहाटे तीनची जाग पुष्कळदा त्यातूनच येते.

मग पहिला महिना एवढा छान का गेला? कारण तेव्हा तुम्ही खरोखर हलक्या झाला होतात, आणि त्यातला बराचसा भाग पाण्याचा होता. पिष्टमय पदार्थांतली साखर स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेन म्हणून साठते. भरलेल्या शरीरात तो साठा ४०० ते ५०० ग्रॅम असतो, आणि प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. भात-पोळी बंद केली की पहिल्या आठवड्यात हा साठा उतरतो आणि काटा दीड-दोन किलो खाली जातो. चरबी त्या मानाने थोडीच गेलेली असते. साठ्याची उधारी संपेपर्यंत हलकेपणाचा फायदा मिळतो, नंतर रोज रिकाम्या टाकीवर गाडी.

बाराव्या-तेराव्या किलोमीटरला पाय शिशाचे होतात ते यामुळेच. तुमच्या सध्याच्या जेवणात कर्बोदकं, म्हणजे भात-पोळी-फळांतली ती पिष्टं आणि साखर, जेमतेम ११५ ते १२० ग्रॅम आहेत. तुमच्याइतकं पळणाऱ्याला किलोमागे रोज पाच ग्रॅम तरी लागतात, म्हणजे २७० ग्रॅम. शनिवारी रात्री टाकी अर्धीही भरलेली नसते, सकाळी वरून फक्त काळी कॉफी, आणि १६ किलोमीटरला ८५० कॅलरी हव्यात.

‘शरीराला चरबी जाळायची सवय होईल’ असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल. सवय होते, ते खोटं नाही. पण चरबीतून तेवढीच ऊर्जा काढायला प्राणवायू जास्त लागतो. एक लिटर प्राणवायूवर कर्बोदकांतून सुमारे ५ कॅलरी मिळतात, चरबीतून ४.७. सावकाश चालताना हा फरक कळत नाही, घाट चढताना मात्र दम तिथेच जातो. ऑस्ट्रेलियातल्या क्रीडासंस्थेत लुईस बर्क यांनी जागतिक दर्जाच्या शर्यती-चालपटूंवर हाच प्रयोग केला, २०१७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. तीन आठवडे कर्बोदकं जवळजवळ बंद ठेवलेल्या गटाने चरबी विक्रमी जाळली, पण त्याच वेगाला त्यांना प्राणवायू जास्त लागू लागला, आणि १० किलोमीटरच्या शर्यतीत सुधारणा झाली नाही. भरपूर कर्बोदकं खाणारा गट त्याच सरावावर सहा टक्क्यांहून अधिक सुधारला. आणि तुमचं खाणं धड कीटो, म्हणजे कर्बोदकं जवळजवळ बंद ठेवणारा आहार, तोही नाही. डाळ-उसळीतून सव्वाशे ग्रॅमच्या जवळ कर्बोदकं येतात, त्यामुळे शरीर चरबीवर पुरतं वळत नाही, आणि साठाही भरत नाही. दोन्हीकडून नुकसान.

केनियाच्या अव्वल धावपटूंचा आहार मोजला गेलाय. त्यांच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे तीन-चतुर्थांश कर्बोदकांतून येते. मक्याच्या पिठाचा उगाली, म्हणजे आपल्या उकडीच्या जवळ जाणारा घट्ट गोळा, आणि दिवसभर भरपूर साखर घातलेला दुधाचा चहा. साखर आणि भात ही धावपटूची दुखणी असती तर ती आधी तिथे दिसली असती.

आता परत कसं आणायचं. उद्यापासून हे करा.

पळायला निघण्याआधी २०-३० मिनिटं एक केळं. एवढ्या सकाळी केळं जात नसेल तर बिया काढलेले चार खजूर. कॉफी हवी तर घ्या, पण त्यासोबत. तिच्या जागी नाही. पळून आल्यावर तासाभराच्या आत ६० ग्रॅम कोरडे पोहे (साधारण दीड वाटी) भिजवून केलेले कांदेपोहे, वर लिंबू, आणि तुमची दोन अंडी. दुपारी दोन पोळ्या आणि एक वाटी भात. डाळ-भाजी आहे तशीच. रात्री ज्वारीची एक भाकरी, उसळ, भाजी. यातली केळ्याची २२, पोह्यांची ४५, दोन पोळ्यांची ४२, भाताची ३० आणि भाकरीची ४५ ग्रॅम कर्बोदकं तुमच्या आधीच्या ताटात मिळवली की बेरीज ३०० ग्रॅमच्या घरात जाते. दुपारी एक वाटी दही आणि रात्री कपभर दूध आलं की कॅलरीही २२०० च्या आसपास होतात आणि तो २३ चा आकडा ४५ ला टेकतो. फार काही ‘डाएट’ नाही हे. कोल्हापूरच्या कुठल्याही घरातलं रोजचं जेवण आहे.

एकदम एवढं जाणार नाही. पहिले चार दिवस फक्त पळण्याच्या आधीचं आणि नंतरचं आणा, पाचव्या दिवसापासून दुपारचं, पुढच्या आठवड्यात रात्रीचं. पहिल्या दहा दिवसांत वजन एक ते दीड किलो वाढेल. हे ग्लायकोजेन आणि त्याच्यासोबतचं पाणी आहे, तुम्हाला हवं असलेलंच. बऱ्याच जणी इथेच घाबरतात आणि परत भात बंद करतात. म्हणून तीन आठवडे काट्यावर उभ्याच राहू नका. त्याऐवजी दोन गोष्टी टिपत जा: झोप किती वाजता मोडली, आणि सोप्या पळण्यात शेवटच्या दोन किलोमीटरला बोलता येत होतं का.

दुधाचं तुमचं निरीक्षण बरोबर होतं, निष्कर्ष घाईचा झाला. पळण्याच्या तोंडावर दूध प्यायल्याने गॅस होतो, कारण दुधातली साखर, लॅक्टोज, पुष्कळांना पूर्ण पचत नाही आणि पळताना आतड्यांकडे रक्तही कमी जातं. त्यासाठी धावण्याच्या आधीच्या दहा-बारा तासांत दूध टाळलं की पुरे; सकाळी पळायचं असेल तर आदल्या रात्रीचा कपही मग दुपारीच घ्या. विरजणात लॅक्टोज कमी होतं, म्हणून दही-ताक बहुतेकांना सोसतं. पनीरमध्ये तर ते फारच थोडं. दूध कायमचं बंद केलं तर रोजच्या १००० मिलिग्रॅम कॅल्शियमची भरपाई दुसरीकडून करावी लागते. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम असतं, पण रोज तेवढी नाचणी कोण खातं? पाळी बंद असताना आणि कॅल्शियम तुटलेलं असताना ४५ किलोमीटर पळणं म्हणजे नडगीच्या हाडाला बारीक तडा जाण्याची तयारी. तपासायची रीत सांगतो: नडगीच्या आतल्या कडेवरून बोटाचं टोक खालून वर सरकवत न्या. लांबट पट्ट्यात ठणका असेल तर तो बहुधा तडा नसतो. एका बोटाएवढ्याच जागी दाबल्यावर कळ येत असेल, एका पायावर उडी मारताना तिथेच टोचत असेल, तर त्या दिवसापासून पळणं बंद आणि हाडांच्या डॉक्टरांकडे.

लोहाबद्दल. देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत दिसलं, त्यामुळे तुमचं फेरिटिन ३० च्या खाली निघालं तर आश्चर्य वाटून घेऊ नका. मनाने गोळ्या सुरू करू नका. मात्रा डॉक्टर ठरवतील. ताटात करण्यासारखं एवढंच: उसळीवर लिंबू पिळा, आणि चहा-कॉफी जेवणाच्या आधी-नंतर एक तास लांब ठेवा. लोखंडी कढई-तवा असेल तर तोच वापरा. मांस-मासे न खाणं याला आमचा अजिबात आक्षेप नाही. अमेरिकेतला स्कॉट ज्युरेक याने १९९९ ते २००५ सलग सात वर्षं वेस्टर्न स्टेट्सची १०० मैलांची शर्यत जिंकली. त्याच काळात तो पूर्ण शाकाहाराकडे, दूध-अंडीही वगळून, वळला. पण तो जे सोडत होता त्याच्या जागी तेवढंच दुसरं खात होता. तुम्ही जागा रिकामी ठेवलीत.

हिंगातल्या गव्हाबद्दल ग्रुपमध्ये सांगितलं ते तसं खरं आहे; बाजारातल्या बांधानी हिंगात बहुधा पीठ असतंच. पण ज्याला सीलिअॅक (ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा) आजार नाही त्याला ग्लुटेन सोडून पळण्यात काही मिळत नाही. सीलिअॅक नसलेल्या सायकलपटूंवर आठवडाभर हे करून पाहिलं गेलं, कामगिरीत फरक आढळला नाही. ‘गहू सोडला आणि पोट हलकं झालं’ असं म्हणणाऱ्यांचं सोबत बिस्किट, पाव, खारी, वडापावही सुटलेलं असतं, आणि गव्हातले फ्रक्टन नावाचे गॅस करणारे घटकही; श्रेय मात्र ग्लुटेनला जातं. तुम्हाला खरंच शंका असेल तर आधी पोळी खाणं परत सुरू करून मग टीटीजी ही सीलिअॅकची रक्तचाचणी करा. महिनोन्‌महिने गहू बंद ठेवून चाचणी केली तर ती खोटी ‘निगेटिव्ह’ येऊ शकते. तुम्ही मार्चपासून पोळी बंद केली आहे, म्हणून हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

मिठाचं: रक्तदाब वाढलेला नसेल तर निम्म्यावर आणायची गरज नाही. पळून आल्यावर टी-शर्टवर पांढरे पट्टे उमटत असतील तर तुमच्या घामातून मीठ भरपूर जातं. नुसतं पाणी पीत राहिलं तर लांब शर्यतीत रक्तातलं सोडियम घसरून डोकं दुखणं, मळमळ, गोंधळल्यासारखं होणं इथपर्यंत मजल जाते.

साखरेवर मात्र थोडं थांबू, कारण तुम्ही ती दोन ठिकाणी सोडलीत आणि दोन्ही ठिकाणं सारखी नाहीत. चहातली, मिठाईतली साखर कमी केलीत ती तशीच राहू द्या. पळतानाची साखर वेगळी. १९२४ मध्ये बोस्टन मॅरेथॉनच्या शेवटी धावपटूंचं रक्त तपासलं, तर काहींची साखर खूपच उतरलेली होती आणि तेच सर्वांत गळालेल्या अवस्थेत होते. पुढच्या वर्षी त्यातल्या काहींना आदल्या दिवशी भरपूर कर्बोदकं आणि शर्यतीत गोळ्या-मिठाई दिली. साखर टिकली, आणि माणसंही. शंभर वर्षांत यातलं तत्त्व बदललेलं नाही. तासाभराच्या वर पळायचं तर ताशी ३० ते ६० ग्रॅम साखर पोटात जायला हवी. घरी असं करा: अर्धा लिटर पाणी, सपाट सात छोटे चमचे साखर (३० ग्रॅम), छोट्या चमच्याचा आठवा भाग मीठ, अर्धं लिंबू. साखर याच्या दुप्पट घातली तर पाणी पोटात रेंगाळतं आणि ढवळतं, म्हणून ‘थोडी जास्तच घालू’ असं करू नका. शर्यतीत बाटली नको असेल तर जेल, म्हणजे पाकिटातला साखरेचा घट्ट पाक. एका जेलमध्ये साधारण २० ते २५ ग्रॅम असतात, ते साध्या पाण्याच्या दोन-चार घोटांबरोबर घ्या. साताऱ्याला यवतेश्वरचा घाट सुरुवातीच्या भागातच चढायचा आहे, त्यामुळे पहिला डोस तिसाव्या मिनिटाला, दम लागायच्या आधी. मग दर अर्ध्या तासाला. आणि हे सगळं तिसऱ्या आठवड्यापासून प्रत्येक लाँग रनला करून बघा. पोटालाही सराव लागतो.

आता श्रावण. रविवारी लाँग रन आणि सोमवारी कडक उपास ही जोडी तुमच्यासाठी सध्या सर्वांत वाईट. रिकामा झालेला साठा भरून यायला नीट खाल्लं तरी २४ तास लागतात, आणि नेमके ते तास तुम्ही उपाशी. श्रावणभर लाँग रन शनिवारी न्या. सोमवार धरायचाच असेल तर निर्जळी नको: भगर आणि दाण्याची आमटी, रताळं, राजगिऱ्याची वडी, दही, केळी. साबुदाणा चालेल, पण तो जवळपास निव्वळ पिष्ट आहे, प्रथिनं नावालाच. खिचडीत दाण्याचं कूट सढळ हाताने आणि सोबत दही घ्या. कांदा-लसूण चातुर्मासात सोडत असाल तर खुशाल सोडा. पळण्याचं त्यात काही बिघडत नाही, उलट गॅस कमीच होईल. त्यातही तेच फ्रक्टन असतात.

सोडण्याला एक खरी जागा आहे, ती शर्यतीच्या आधीचे दीड-दोन दिवस. तेव्हा उसळी, मोड, कोबी, कच्ची कोशिंबीर, तळण, तिखट, दूध बाजूला ठेवा. मऊ भात, बटाटा, पोळी-गूळ, शिरा, पिकलं केळं यांवर राहा. किलोमागे सात-आठ ग्रॅम, म्हणजे ४०० ग्रॅमच्या आसपास. एरवी रोज पौष्टिक असणारी मटकीची उसळ त्या आदल्या रात्री खाल्लीत तर घाटात शौचालय शोधावं लागेल. सकाळी शर्यतीच्या अडीच-तीन तास आधी पोहे किंवा ब्रेड-जॅम, ६०-७० ग्रॅम कर्बोदकांचं. पोह्यांत त्या दिवशी कांदा नको.

सरावाबद्दल शेवटचं. पहिले तीन आठवडे आठवड्याला ३० किलोमीटरच, सगळे सावकाश, चढाचे सराव बंद. डॉक्टर ‘चालेल’ म्हणाले तर चौथ्या आठवड्यापासून एक दिवस चढ आणि लाँग रन १२, १४, १६ असा वाढवा. सहावा आठवडा संपता संपता परत विचार करा. पाळी आली असेल किंवा डॉक्टरांनी कारण शोधून हिरवा कंदील दिला असेल, झोप लागत असेल, १६ किलोमीटरला पाय जागेवर असतील, तर सातारा पळा, वेळेचा आग्रह न धरता. यातलं एक जरी नसेल तर यंदाचा बिब (शर्यतीत छातीवर लावायचा क्रमांक) सोडा. सोडायच्या यादीत तेवढं एक घालायला आमची हरकत नाही.